बारा मिनिटांत पाणी तुटतं, म्हणून बोर आटली असं नाही

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. आमचं गाव औसा तालुक्यात आहे. दारात साडेसहा इंची बोर आहे, २२० फुटांची. तिच्यात २०० फुटांवर एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल सोडलेली आहे. सकाळी बटण दाबलं की छान धार पडते, दोनशे लिटरचा बॅरल साडेचार मिनिटांत भरतो. पण बारा मिनिटं होत आली की पाणी पांढरं, फेसाळ होऊन भकभक यायला लागतं आणि तुटतं. मोटरचा आवाज मात्र चालूच असतो. दोन तासांनी पुन्हा लावली तर एक बॅरल आणि वर चार-पाच घागरी मिळतात.

संध्याकाळी निराळाच ताप. बटण दाबलं की मोटर नुसती हुंऽऽ करते आणि एमसीबी पडतो. दोन वर्षांत दोनदा मोटरची वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळाली. मिस्त्री म्हणतात, एक काढून दीड एचपी टाका आणि मोटर पार तळाला सोडा. दीर म्हणतात, पाचशे फुटांची नवी बोर घ्या. मामंजी म्हणतात, वाड्यातल्या जुन्या आडाचा गाळ काढून त्यावर मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसणारा पंप) बसवू. मालक पुण्याला कंपनीत असतात. सोयाबीनचे पैसे हातात आलेत आणि ठरवायचं माझ्यावर आलंय. घरात पाच माणसं, दोन म्हशी. काय करू?

— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर

ताई, तुम्ही बॅरल भरायला किती मिनिटं लागतात ते लिहिलंत, पाणी किती वेळात तुटतं ते लिहिलंत, हे फार बरं केलंत. "मोटर पाणी देईना" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. तुमच्या या दोन-चार आकड्यांवरून बरंच काही सांगता येतं. सोयाबीनच्या पैशाला तूर्त हात लावू नका.

तुमच्याकडं एक नाही, दोन वेगवेगळी दुखणी आहेत. सकाळचं दुखणं बोर आणि मोटर यांच्या जोडीचं आहे. संध्याकाळचं दुखणं लाईटचं आहे. मिस्त्रींनी दोन्ही एकाच खात्यात टाकली आणि दोनदा वायंडिंग करून दिली. वायंडिंग का जळते हे कुणी पाहिलंच नाही, तर तिसऱ्यांदाही ती जळणारच.

आधी सकाळचं बघू. साडेचार मिनिटांत दोनशे लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ४४ लिटर. बारा मिनिटांत ५३० होतात, पण पाणी खाली गेलं की धारही बारीक होते, म्हणून पाचशेच धरा. आता साडेसहा इंची बोरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. (साडेचार इंची असती तर जेमतेम तीन लिटर.) पाचशेला साडेसहानं भागा, ७५ ते ८० फूट येतात. म्हणजे रात्रभरात बोरमध्ये जे ७५-८० फूट पाणी साठतं, तेवढं तुमची मोटर बारा मिनिटांत उपसून मोकळी होते. मोटरमध्ये काही खोट असती तर पहिल्या मिनिटालाच धार अशी भरभक्कम पडली नसती. पंप ठणठणीत आहे.

हे माझं गणित झालं, ते तुम्ही स्वतः पडताळून बघा. सकाळी मोटर लावायच्या आधी, मेन स्विच बंद करून, बारीक नायलॉनची दोरी घ्या. तिच्या टोकाला गुळगुळीत, लांबट वजन बांधा. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं मिळालं तर उत्तम. पाईपच्या कडेनं सावकाश सोडा. पाण्याला टेकलं की हाताला दोरी हलकी लागते आणि वर ओढली की ओली दिसते. दोरी कोरडी किती आणि ओली कुठून, ते मोजा. माझ्या हिशोबानं पाणी ११५ ते १२५ फुटांवर लागायला हवं. त्याच्या फार खाली दोरी सोडू नका, केबलमध्ये अडकेल. आणि कुणी "खडा टाकून आवाज ऐका" म्हटलं तर अजिबात ऐकू नका. मोटर आत असताना बोरमध्ये टाकलेला खडा पाईप आणि केसिंगच्या मधे अडकला, तर मोटर वर काढताना रडवतो.

आता दोन तासांनंतरचं पाणी. एक बॅरल आणि चार-पाच घागरी, म्हणजे साधारण २७० लिटर. तासाला १३५ लिटरची आवक झाली. ही आवक थोडी आहे, पण बोर मेलेली नाही. बोर भरत आली की आवक मंदावते, कारण वर चढलेल्या पाण्याचाच दाब झऱ्यावर येतो. म्हणून रात्रभर थांबूनही पाचशेच्या वर मिळत नाही. पण मधूनमधून थोडं थोडं काढत राहिलात, तर दिवसभरात हीच बोर तुम्हाला कितीतरी जास्त देईल. सकाळी दहा मिनिटं, मग दर दोन तासांनी पाच-पाच मिनिटं असं तीनदा. बेरीज होते अकराशे लिटर. पाच माणसांचं पिणं, धुणं, अंघोळी आणि दोन म्हशी मिळून सहाशे-सातशे लिटर लागतात. तुमचं घर या बोरवर चालतं, ताई.

मग दीड एचपी टाकून काय होईल? पेल्यात सरबत तेवढंच, नळी जाड केली तर ते लवकर संपतं इतकंच. आज बारा मिनिटांत पाणी तुटतं, उद्या आठ मिनिटांत तुटेल. लाईटबिल वाढेल आणि संध्याकाळचा त्रास दुप्पट होईल. मोटर तळाला सोडण्याचं तर नावच काढू नका. २२० फुटांच्या बोरमध्ये २०० फुटांवर मोटर आहे ती जागा योग्य आहे. खाली दहा-पंधरा फूट तरी गाळाला सोडावेच लागतात. मोटर गाळात रुतली की तिच्याभोवती पाणी फिरत नाही, जाळी बुजते आणि इंपेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाकं, बारीक कचीनं घासून जातात.

वायंडिंग का जळाली, ते इथंच आहे. सबमर्सिबलमध्ये पंप वर असतो आणि मोटर त्याच्या खाली. पाणी पंपाच्या जाळीपर्यंत उतरलं तरी खालची मोटर पाण्यातच बुडालेली असते, म्हणून लोकांना वाटतं की ती सुरक्षित आहे. पण मोटर गार राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळं. पाणी तुटल्यावर तेच ते पाणी तिच्याभोवती तापत राहतं. वर पंपातल्या बुशना वंगण पाण्याचंच असतं, तेही कोरडे घासतात. रोज सकाळी पाणी तुटल्यावर कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत मोटर पाच-दहा मिनिटं कोरडी चालते. असं वर्षभर चाललं तर कुठलीही मोटर टिकत नाही.

यावर उपाय दोन, दोन्ही वर पॅनलमध्येच बसतात, बोरला हात लावावा लागत नाही. एक म्हणजे टायमर, वर सांगितलेल्या वेळांना चालू-बंद करणारा. दुसरा म्हणजे ड्राय रन प्रिव्हेंटर. पाणी तुटलं की मोटरवरचा भार कमी होतो आणि अँपिअर खाली येतात, ते ओळखून हे यंत्र मोटर बंद करतं. तुमच्या पॅनलवर अँपिअर मीटर असेल तर स्वतः बघा: भरल्या धारेला काटा कुठं असतो आणि भकभक सुरू झाली की कुठं उतरतो. दोन्ही आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. प्रिव्हेंटर बसवणाऱ्याला त्याची सेटिंग करायला हेच आकडे लागतात. शिवाय पुढं कधी भरल्या धारेला काटा नेहमीच्या वर दिसायला लागला, तर आत काहीतरी घासतंय किंवा व्होल्टेज पडलंय हे मोटर जळायच्या आधीच कळेल. हजार लिटरची टाकी नसेल तर ती मात्र घ्या. थोडं थोडं काढलेलं पाणी साठवायला जागा हवीच.

आता संध्याकाळचा हुंकार. मोटर हुंऽऽ करते म्हणजे तिला लाईट मिळतेय, पण फिरायला जोर मिळत नाही. जोर न मिळण्याची कारणं तीन: व्होल्टेज कमी, कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा पॅनलमधला डबा) कमजोर किंवा पंप आतून जाम. पंप जाम असता तर सकाळीही फिरला नसता. म्हणून पहिल्या दोनावर या.

संध्याकाळी सात वाजता गावात सगळ्यांच्या मोटरी, गिरणी, टीव्ही एकदम चालू असतात आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, ते १८० वर आले तर मोटरचा जोर एकवीस-बावीस टक्क्यांनी नाही, चाळीस टक्क्यांनी घटतो. कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते, त्या वेळी व्होल्टेज आणखी बसतं. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा पॅनलचं व्होल्टमीटर बघा, बटण दाबायच्या आधी किती आणि दाबल्यावर किती. आधी २१० आणि दाबल्यावर एकदम १६० दिसलं, तर दोष डीपीइतकाच तुमच्या घरच्या वायरीचाही असू शकतो. खांबापासूनचा सैल सांधा, काळं पडलेलं किटकॅट (फ्यूज) किंवा बोरमध्ये सोडलेली बारीक केबल. दोनशे फूट खोलीला दीड स्क्वेअर एमएमची केबल कमी पडते, अडीचची तरी तांब्याची हवी. डीपीचंच व्होल्टेज कमी असेल तर तारीख, वेळ आणि आकडा लिहून वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या. तोवर संध्याकाळी मोटर लावायचीच नाही. टायमर सकाळ-दुपारचा ठेवला की तो प्रश्न आपोआप मिटतो.

एमसीबी पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवून घेऊ नका. तो पडतो म्हणून तर मोटर वाचते आहे.

कंडेन्सरकडं मिस्त्रींनी पाहिलं होतं का? पॅनलमध्ये दोन असतात. एक रनिंगचा, मोटर चालू असेपर्यंत जोडलेला राहतो. दुसरा स्टार्टिंगचा, फक्त सुरुवातीच्या झटक्यापुरता. रनिंगचा कंडेन्सर उष्णतेनं हळूहळू कमजोर होतो. सकाळी पुरं व्होल्टेज असताना मोटर कशीबशी उचलते आणि संध्याकाळी हुं करत बसते, हे लक्षण त्याचंच असतं. डोकं फुगलेलं, तेल पाझरलेलं दिसलं तर विचारायची गरजच नाही. दिसायला चांगला असला तरी मीटरवर मोजून घ्या. अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदला. बदलताना तोच आकडा, तोच व्होल्टेज. "जरा मोठा टाकला की मोटर झकास उचलते" असं दुकानदार म्हणेल, ते ऐकू नका, त्यानं वायंडिंगच तापते.

मोटर उचलेना म्हणून हिरवं बटण दाबून धरायची किंवा त्यात काडी खोचून ठेवायची सवय घरात कुणाला असेल, तर ती आजच मोडा. या साध्या पॅनलमध्ये बटण दाबलेलं आहे तोवर स्टार्टिंगचा कंडेन्सर जोडलेला राहतो. दोन-तीन सेकंदांत मोटरनं उचललं नाही तर सोडून द्यायचं. मागच्या खेपेची जळकी वायंडिंग कुणी पाहिली असेल तर विचारा: सगळीकडं सारखी काळी होती की एकच भाग जळाला होता? स्टार्टिंगचाच भाग काळा असेल तर गुन्हेगार बटण आणि कंडेन्सर. सगळीकडं सारखी करपलेली असेल तर कमी व्होल्टेज आणि कोरडं चालणं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पॅनल तुम्ही स्वतः उघडू नका. मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो आणि तो झटका जबर असतो. वायरमन उघडत असेल तेव्हाही किटकॅट काढून तुमच्या हातात ठेवा, म्हणजे "बंद आहे का बघ" म्हणून दुसरं कुणी चालू करणार नाही. कंडेन्सरला बल्ब जोडून त्यातला करंट उतरवूनच मग त्याला हात लावायचा, हे त्यालाही ठासून सांगा.

पुढं कधी मिस्त्री "मोटर जळाली, काढावी लागेल" म्हणाले, तर काढायच्या आधी वरूनच दोन तपासण्या करून मागा. पॅनलमधून मोटरच्या तिन्ही वायरी सोडायच्या. मल्टिमीटरनं दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा. तीन आकडे येतात, त्यांतल्या दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आली की वायंडिंग तुटलेली नाही. मग मेगरनं (वायरीतून लाईट बाहेर झिरपते का ते मोजायचं यंत्र) प्रत्येक वायर आणि अर्थिंग यांच्यात बघायचं. एक मेगओमच्या वर असेल तर लाईट पाण्यात उतरत नाही. शून्याजवळ असेल तर वायंडिंग किंवा पाण्यातला केबलचा सांधा गेलाय, मग काढावीच लागेल. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात आणि दोनशे फूट पाईप वर ओढायची मजुरी वाचते. कुठली वायर कुठं होती त्याचा सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि काढलीच, तर दोरीनं आणि पाईपनं काढायची, केबलला धरून कधीच नाही. वर आल्यावर शाफ्ट हातानं फिरतो का, जाळी बुजलीय का, पाणी मागं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व धरतो का, हे समोर उभं राहून बघा. मोटर पाण्याची (आत तेलाऐवजी पाणी भरायची) असेल तर खाली सोडायच्या आधी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरावं लागतं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मोटर थोडी हलवत हलवत. रिवाइंडिंग करून आलेल्या मोटरीत घाईगडबडीत पाणीच न भरता ती सोडल्याची उदाहरणं आपल्या भागात खूप आहेत. तुमच्या वेळी भरलं होतं का, आठवून बघा.

दिरांच्या पाचशे फुटांबद्दल. आपला मराठवाडा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर बसलाय. या दगडाला स्वतःची अशी ओल धरायची ताकद नाही. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसता फुफाटा. खोल गेलं की पाणी लागतंच असं इथं नाही. उलट खाली दगड घट्ट होत जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा काय कमी बोरी होत्या आपल्याकडं? शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली जाते आणि तिच्यावर बंधनं आहेत. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर सहज हाती लागतं. पत्र्याचं ते पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून या बोरच्या कडेच्या खड्ड्यात सोडा. अंगणातलं, गोठ्याकडचं पाणी मात्र त्यात येता कामा नये. दिरांना खर्च करायचाच असेल तर मृगाच्या आधी तो इथं करू द्या.

मामंजींचा आड मला मनापासून आवडला, पण दोन अडचणी आहेत. वर बसवलेला मोनोब्लॉक पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. कितीही एचपीचा घ्या, वीस-पंचवीस फुटांच्या पलीकडून तो ओढत नाही. उन्हाळ्यात आडाचं पाणी त्याच्या खाली जात असेल तर त्या पैशाचा उपयोग नाही, तिथंही छोटी सबमर्सिबलच लागेल. दुसरी अडचण जिवाची. वर्षानुवर्षं न वापरलेल्या आडात तळाला वायू साचलेला असतो, प्राणवायू नसतो. गाळ काढायला उतरलेला माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. दिवा सोडून बघितला, विझला नाही, म्हणून उतरलं, असं करू नका. काही विषारी वायूंत दिवा जळतच राहतो. आत डिझेल किंवा पेट्रोल इंजिन उतरवून चालवणं तर मरणच. अनुभवी माणसं, हवा आत सोडायची सोय, कमरेला दोर आणि वर चार जण असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. मामंजींनी स्वतः तर नाहीच.

मामंजींना हे सांगताना आडाचंही पाणी दोरीनं मोजून घ्या, आत्ता आणि पुन्हा एप्रिलमध्ये. तो आकडा, बोरची सकाळची दोरी आणि बटण दाबल्यावरचं संध्याकाळचं व्होल्टेज एवढं मला लिहून पाठवा. टायमर आणि प्रिव्हेंटर बसवायला मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका.